आधी उतरू द्या!

54 वर्षं मी या अंगात राहते आहे, आणि या अंगात पाण्याची आणखी एक लाइन आहे हे मला गेल्या मार्गशीर्षात कळलं. रक्ताची नव्हे हो, ती सगळ्यांनाच ठाऊक असते. ही दुसरी. हिला पंप नाही, ही दिसत नाही, हिच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि तुंबली की मगच कळतं की अरे, इथे काहीतरी वाहत होतं! अगदी आमच्या सोसायटीच्या गटारासारखं.

कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. इस्त्रीवाल्याला सांगितलं. भिशीत सांगितलं, तिथे समोशाची बशी माझ्यापर्यंत यायचीच राहिली. मुलगी म्हणाली, ‘आई, लिफ्टमध्ये लोकांना गाठून काखेतल्या गाठींबद्दल बोलत जाऊ नकोस, प्लीज.’ बरं, नाही बोलत. लिहिते.

तर झालं असं. आषाढीच्या आठवड्यात माझं ऑपरेशन झालं. उजवा स्तन आणि त्याच बाजूच्या काखेतल्या 17 गाठी. त्याआधी किमो, त्यानंतर रेडिएशन. त्या सगळ्या प्रकरणावर मी लिहिणार नाही; त्यावर लिहिलेल्या बायका आहेत आणि त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. माझी गोष्ट दिवाळीपासून सुरू होते. रेडिएशन संपलं होतं, डोक्यावर दोन बोटं केस आले होते, आणि मी हौसेने चकल्या करायला बसले. दुसऱ्या घाण्याला सोऱ्या फिरवताना हात भरून आला. वाटलं, सवय गेली असेल. रात्री बघते तर पाटली मनगटात रुतलेली. साबण लावला, तेल लावलं, पिशवीची युक्ती केली, ढिम्म. पाडव्याला सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागली. सोनार म्हणाला, ‘ताई, वजन वाढलंय.’ म्हटलं, एकाच हाताचं?

घरी येऊन अंगठ्याने दंड दाबून बघितला. खळगा पडला आणि पडूनच राहिला. भिजवलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा.

आता आपल्याकडे सुजेवर एकच उपाय, तेल आणि शेक. मावशी मुक्कामाला होती. तिने तिळाचं तेल कोमट केलं आणि असा रगडला, असा रगडला माझा हात, की बाळंतपणात मालिशवालीनेही रगडला नसेल. वर गरम पाण्याची पिशवी. मावशीची माया शंभर नंबरी, त्यात शंका नाही. पण सकाळी हात आणखी फुगला. तेव्हा मात्र मी घाबरले आणि सर्जनकडे गेले. त्यांनी एक नजर टाकली, ‘लिम्फेडीमा’ म्हणाले आणि फिजिओकडे चिठ्ठी दिली. वर हेही म्हणाले, की काखेतल्या गाठी साफ केलेल्या पाच बायकांमागे साधारण एकीला हे होतं. कुणाला महिन्यांत, कुणाला वर्षांनी.

फिजिओ म्हणजे मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खोली, एक पलंग, एक पंखा आणि सांगलीकडची एक 27 वर्षांची पोरगी. मला बघून म्हणाली, ‘या काकू, बसा. आधी मोजूया.’ तिने टेप काढली. ब्लाउज शिवताना वापरतात तीच. मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरवर पेनने ठिपका आणि दोन्ही हातांची मापं. डावा मध्यावर 24, उजवा 27. ‘मी उजव्या हाताची आहे, थोडा जाड असतोच की,’ मी वकिली केली. ‘असतोय, पण तीन सेंटिमीटर नसतोय,’ ती म्हणाली. दोन हातांत दोन सेंटिमीटरच्या वर फरक दिसला की दखल घ्यायची, असा त्यांचा साधारण हिशेब.

मग तिने रेडिएशन झालेली कातडी नीट पाहिली, शांत झालीय ना, कुठे लाल, ओली नाही ना. ताप आहे का? पोटरी दुखते का? दम लागतो का? किडनीचा त्रास? हार्टचा? मी म्हटलं, अगं मालिशच करायचीय ना, पासपोर्ट काढायचाय का? ती हसली नाही. हातात जंतुसंसर्ग असेल, पायात रक्ताची गाठ असेल, हृदय नीट पंप करत नसेल, तर या पाण्याला हात लावायचा नसतो, म्हणाली. पाणी हलवायचं म्हणजे ते कुठेतरी जाऊन पडणार, आणि जिथे पडणार तिथे ते झेलणारं कुणी ठणठणीत पाहिजे.

मी पलंगावर आडवी झाले. मनाची तयारी करून गेले होते, आता दणका बसणार. तिने माझा हात पोटावर ठेवला आणि सावकाश श्वास घ्यायला लावला, पोट वर येईल असा. पाच वेळा. मग गळ्याच्या हाडामागे जो खळगा असतो ना, तिथे दोन्ही बाजूंना तिने बोटं ठेवली. ठेवली म्हणजे ठेवलीच. हलकेच कातडी खाली आणि आत ओढायची, सोडायची. ओढायची, सोडायची. तेल नाही, पावडर नाही. मी वाट बघत होते की मालिश कधी सुरू होणार. मग ती डाव्या काखेत गेली. डाव्या! म्हटलं, अगं पोरी, दुखतोय उजवा. ‘माहितेय काकू.’ मग उजव्या जांघेत. आता मात्र मी उठून बसायच्या बेतात होते. हात सुजलाय आणि ही जांघेत काय शोधते आहे?

‘काकू, तुम्ही लोकलने जायचा ना?’ तिने विचारलं.

31 वर्षं. डोंबिवली ते फोर्ट, बँकेत. उजव्या हाताने कडी धरून.

‘मग डोंबिवली आली, तुम्ही डब्याच्या मध्यात उभ्या. तुम्हाला मागून ढकललं तर उतराल?’

‘कशी उतरेन? दारातल्या बायका आधी उतरायला नकोत का?’

‘हां. मग मी आधी दारातल्या उतरवतेय.’

अहो, मी तिथल्या तिथे जागी झाले! एवढं सोपं! हात सुजलाय म्हणून हात रगडायचा नाही. आधी दार मोकळं करायचं, मग दाराजवळचं, मग त्याच्या मागचं, आणि सगळ्यात शेवटी बोटं. मावशीने काय केलं होतं? डब्याच्या मागून गर्दी ढकलली होती. दार बंद असताना!

आणि दार कुठे आहे माहितेय? गळ्याच्या त्याच खळग्यात. अंगातलं हे सगळं पाणी फिरून फिरून शेवटी तिथे, हाडामागे, रक्ताच्या मोठ्या शिरेत पडतं. दोन तोंडं आहेत. आता ऐका, यातला अन्याय ऐका. उजव्या तोंडाला फक्त उजवा हात, डोक्याची उजवी बाजू आणि छातीचा उजवा भाग. बाकी सगळं, दोन्ही पाय, पोट, डावा हात, डावी छाती, सगळ्या अंगाचं पाणी डाव्या तोंडाला! मी हे ऐकून स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. इतकी वर्षं मी तिथे मंगळसूत्र सरळ करत होते.

या पाण्याचं नाव लसिका. दहावीच्या विज्ञानात हा शब्द होता, मला आठवतो, कारण आमच्या वर्गात एक लतिका होती आणि आम्ही तिला महिनाभर लसिका म्हणून छळलं होतं. पाच मार्कांपुरतं पाठ केलं, विसरले. काम काय करते ही? हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. ते रक्त बारीक नळ्यांतून जाताना त्यातलं थोडं पाणी बाहेर झिरपतं, पेशींना न्हाऊ घालतं. त्यातलं दिवसाला साधारण दोन-तीन लिटर पाणी रक्तात परत आणून टाकायचं काम लसिकेचं. सोबत प्रथिनं, मेलेले जंतू, सगळा केर. वाटेत गाठी लागतात, शरीरात पाचसहाशे तरी असतील, त्या म्हणजे टोलनाके. प्रत्येक गाडी थांबवून आत काय आहे ते बघणार. माझ्या काखेतले 17 टोलनाके सर्जननी उचलले, कारण त्यांतल्या तिनांत नको ती गाडी सापडली होती. बरोबरच केलं. पण नाक्याबरोबर रस्ताही गेला, आणि मागची वाहतूक माझ्या दंडात उभी राहिली.

इथे मला एकदम ड्रेनची बाटली आठवली. ऑपरेशननंतर बरगडीपाशी नळी होती, तिला बाटली, आणि मी बँकवाली असल्यामुळे रोजचा आकडा वहीत. 180, 150, 110, 70, 40. पहिले दोन दिवस लाल, मग गुलाबी, मग पिवळसर, गव्हाच्या काडीच्या रंगाचं. तेव्हा मी ते पिवळं पाणी ‘घाण निघतेय’ म्हणून बेसिनमध्ये ओतत होते. फिजिओ म्हणाली, ‘त्यात लसिकाच होती की काकू, तुटलेल्या नळ्यांतली.’ म्हणजे ही बया माझ्या हातात रोज बाटली भरून येत होती, मी तिचा जमाखर्च ठेवत होते, आणि ओळख नव्हती! मी घरी येऊन ती वही काढून बघितली. 12 दिवसांच्या नोंदी. शेवटी माझ्या हस्ताक्षरात ‘बंद’ आणि खाली दोन रेघा.

बरं, रस्ता गेला तर मग पाणी जाणार कसं? तर हीच त्या पोरीच्या हातातली विद्या. डाव्या काखेतल्या गाठी शाबूत आहेत, उजव्या जांघेतल्याही आहेत. कातडीच्या खाली बारीक नळ्यांची जाळी अंगभर पसरलेली असते. मग उजव्या हाताचं पाणी छातीवरून आडवं डावीकडे वळवायचं, आणि थोडं कुशीवरून खाली जांघेकडे. म्हणूनच डावी काख आणि जांघ आधी. माझे वडील कोकणातले, सुपारीच्या बागेत पाट काढायचे. एक पाट फुटला की शेजारचा उकरायचे, पण आधी पुढचं तोंड मोकळं केलं की नाही ते बघून. हे ऐकायला ते आज हवे होते.

आता दाबाची गंमत. मी विचारलं, अगं इतकं हळू लावतेस, याने काय होणार? तर तिने माझ्या डाव्या हातावर करून दाखवलं. ‘दुधावरची साय आहे समजा. ती फाटू न देता बोटाने सरकवायचीय. दूध नाही ढवळायचं.’ हे पाणी कातडीच्या अगदी लगेच खाली असतं. तिथल्या नळ्या इतक्या नाजूक की त्यांच्या भिंती म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पाकळ्या. आणि त्या पाकळ्यांना बाहेरून बारीक धागे बांधलेले असतात, आजूबाजूच्या मांसाला. मच्छरदाणीच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या असतात ना, तशा. कातडी हलकेच ताणली की दोऱ्या ओढल्या जातात, मच्छरदाणी फुलते, फटी उघडतात, पाणी आत शिरतं. सोडली की फटी मिटतात, आणि पुढे झडपा आहेत, त्यामुळे शिरलेलं पाणी मागे येत नाही. आणि जोरात दाबलं तर? मच्छरदाणी आडवी!

म्हणून ओढायची, सोडायची. घासायचं नाही. बोट कातडीवरून घसरलं तर ती मोजत नाही, पुन्हा करते. सोडण्यालाही ओढण्याइतकाच वेळ देते. छातीवर, कुशीवर, मग दंडाच्या वरच्या भागावर, मग कोपर, मग कोपराखाली, मग पंजा, प्रत्येक ठिकाणाहून वरच्या बाजूला. सगळं मिळून पाऊण तास. मधेच मी झोपले. घोरले असणार, कारण उठले तेव्हा ती गालात हसत होती. आणि उठल्याबरोबर मला लघवीला लागलं, जोरात! ही माझी आवडती गोष्ट आहे, पण भिशीत सांगितल्यावर कुणालाच आवडली नाही.

टेप पुन्हा लावली. 26.6. चार मिलिमीटर. मला वाटलं होतं हात आता सुटून पूर्वीसारखा होणार. ‘एका दिवसात नाही होत काकू. आणि आता खरं काम.’

खरं काम म्हणजे पट्ट्या. आधी सुती मोजा, मग प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी, मग कापसाचा मऊ थर, मग एकावर एक कमी ताणाची बँडेजं, पंजाकडे घट्ट आणि वर सैल होत जाणारी. केमिस्टकडचं नेहमीचं क्रेप बँडेज नव्हे. ते फार ताणलं जातं, रात्री झोपलं तरी आवळतच राहतं. हे फारसं ताणत नाही. त्यामुळे हात हलवला, स्नायू फुगला, की तो या कडक भिंतीवर आपटतो आणि पाणी पिळून वर जातं. बसून राहिलं तर नुसतं पांघरूण. म्हणून पट्ट्या बांधून व्यायाम: मूठ उघड-मीट, कोपर वाकव, खांदा फिरव. मालिशने उतरवलेलं पट्ट्या परत चढू देत नाहीत. इथे मला खरं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वाहवत गेली. नुसती मालिश हे काम निभावत नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2015 साली या मालिशीच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात निघालं ते एवढंच: पट्ट्यांच्या जोडीला ही मालिश दिली तर सूज थोडी जास्त उतरू शकते, आणि सूज हलकी ते मध्यम असताना तिचा उपयोग जास्त. थोडी! मी फिजिओला म्हटलं, हे वाचून माझा उत्साह थोडा कमी झाला. ती म्हणाली, ‘बरं झालं, आता पट्ट्या काढून बसणार नाही तुम्ही.’

पट्ट्या बांधलेला हात घेऊन मी फडके रोडला भाजीला गेले. भाजीवाली म्हणाली, ‘मावशी, पडला काय?’ म्हटलं, नाही गं, पाणी अडवलंय. तिला वाटलं डोक्यावर पडले.

हे सगळं कुणाला सुचलं असेल म्हणून मी वाचत बसले. तर डेन्मार्कचा एमिल वोडर आणि त्याची बायको एस्ट्रिड. 1930च्या दशकात ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर कान गावात मालिशीचं काम करायचे. हो, तेच, सिनेमाच्या जत्रेचं. तिथे त्यांच्याकडे यायचे ते सततच्या सर्दीने बेजार झालेले लोक, गळ्याच्या गाठी सुजलेल्या. त्या काळी या गाठींना हात लावायचा नाही असा दंडक होता. याने लावला. हलकेच. 1936मध्ये पॅरिसला त्यांनी हे लोकांसमोर मांडलं. म्हणजे सुरुवात सर्दीपासून! ऑपरेशन नंतर आलं. पुढे जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात हिंटरझार्टन नावाच्या गावी फ्योल्डी या मूळच्या हंगेरीच्या डॉक्टरांनी मालिश, पट्ट्या, व्यायाम आणि कातडीची निगा अशी चारपदरी वेणी घातली. तीच आज मोबाइलच्या दुकानावर माझ्या हाताला घातली जाते. आणि त्याच्याही आधी, 1622 साली, इटलीत आसेल्ली नावाच्या डॉक्टरने नुकतंच पोटभर खाल्लेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तर आतड्यांभोवती पांढरे दोरे. त्याला आधी वाटलं नसा असतील. एक कापला तर आतून दुधासारखं पाणी आलं! जेवणातली चरबी वाहून नेणारी लसिका पांढरी दिसते. उपाशी कुत्रा घेतला असता तर काही दिसलंच नसतं.

पण मला खरा धक्का बसला तो एका शब्दाने. लहानपणी पायाला ठेच लागून पिकली की जांघेत गाठ यायची, आणि आजी म्हणायची, ‘अवधाण आलंय.’ हाताला जखम असली तर काखेत अवधाण. आजीने पायाची जखम धुवायची आणि गाठीकडे लक्ष द्यायचं नाही, ‘ती आपली आपण जाईल’. आजी तिसरी शिकलेली. पायातलं विष जांघेतल्या नाक्यावर अडवलं जातं हे तिच्या भाषेला ठाऊक होतं, आणि मी बीकॉम.

आणि हत्तीपाय! नोकरीत मला तीन वर्षं चंद्रपूरला टाकलं होतं. तिकडे रात्री दहानंतर दारावर थाप पडायची, आरोग्य खात्याची माणसं बोटातून रक्ताचा थेंब घ्यायला आलेली. मी वैतागायचे, दिवसा येता येत नाही का? नाही येत! हत्तीरोगाचे बारीक जंतू रात्रीच रक्तात फिरायला निघतात, डास चावायच्या वेळेला. आणि त्यांचे मोठे किडे राहतात कुठे? लसिकेच्या नळ्यांत. तिथेच घर करतात, नळ्या खराब होतात, पाणी तुंबतं, पाय फुगतो. आमच्या शाखेत पेन्शनला एक आजोबा यायचे, एक पाय खांबासारखा, त्याला फाडलेली चप्पल दोरीने बांधलेली. मी त्यांना बसल्या जागी पैसे नेऊन द्यायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे. तो पाय आणि माझा हात एकाच आजाराचे सख्खे भाऊ आहेत हे मला आता कळतंय. त्यांच्या पायाला कुणी कधी पट्टी बांधली होती का? रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला कुणी सांगितलं होतं का? मी तरी विचारलं नव्हतं.

एक इशारा देऊन टाकते, कारण माझ्या उत्साहाने कुणी भलतीकडे जायला नको. हल्ली ब्युटी पार्लरच्या पाट्यांवरही हे नाव दिसतं: ‘लिम्फॅटिक ड्रेनेज, टॉक्सिन बाहेर, पोट आत.’ मी चौकशीला गेले होते. लाकडी लाटण्यासारखं काहीतरी, तेल, आणि पोटावर हाणामारी. याने वजन उतरतं म्हणे. अहो, पाणी इकडून तिकडे गेलं की इंचपट्टी हलते, चरबी नाही हलत. आणि विष बाहेर काढायला मूत्रपिंडं आणि यकृत बसली आहेत, पगार न घेता. ऑपरेशन झालेल्या बाईने अशा ठिकाणी हात देऊ नये. आपल्या सर्जनला विचारावं, लिम्फेडीमाचं शिक्षण घेतलेली फिजिओ शोधावी. आणि हात एकाएकी लाल, गरम, दुखरा झाला, ताप आला, तर मालिश, पट्ट्या सगळं बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे. तुंबलेल्या पाण्यात जंतूंना मेजवानी असते. म्हणून मी आता भांडी घासताना हातमोजे घालते, नखं कापताना चष्मा लावते आणि मोगऱ्याच्या कुंडीत हात घालायचा तर ह्यांना बोलावते.

‘हे’ म्हणजे आमचे हे. यांचं प्रशिक्षण हा वेगळाच अध्याय. फिजिओ म्हणाली, रोज रात्री घरी करायला कुणीतरी शिकून घ्या, स्वतःच्या पाठीपर्यंत तुमचा हात पोचणार नाही. हे आले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि पहिल्याच फटक्यात पुरणपोळीची कणीक तिंबायला लागले. ‘काका, काका! साय!’ मग दुसऱ्या टोकाला गेले. इस्त्री तापली का बघावं तसं बोट लावायचे आणि उचलायचे. 29 वर्षांच्या संसारात यांनी मला इतक्या हळुवारपणे कधी हात लावला नव्हता आणि मला हसू आवरेना. फिजिओने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि लय दिली: ओढा, थांबा, सोडा, थांबा. तिसऱ्या दिवशी जमलं. आता नऊच्या बातम्या लावून बसतात, माझी मान, डावी काख, कूस असं ठरल्या क्रमाने करतात, आणि ‘आधी दारातल्या’ असं पुटपुटतात. एकदा चुकून हातापासून सुरू केलं तर मी ओरडले, ‘अहो, दार बंद आहे!’ शेजारच्या वहिनी बघायला आल्या, कुठलं दार.

दोन आठवडे रोज पट्ट्या, आठवड्यात पाच वेळा मालिश. मग टेप. 25.3. फिजिओने मापाचा मोजा मागवला, घट्ट, मनगटापासून दंडापर्यंत. सकाळी उठल्या उठल्या हात उतरलेला असताना चढवायचा, रबरी हातमोजे घालून, सुरकुती न पाडता. पहिल्या दिवशी मला वीस मिनिटं लागली आणि दोन शिव्या. सोनाराने जोडलेली पाटली मी उजवीकडे घालायला गेले तेव्हा फिजिओने डोळे वटारले, त्या हातात आता काही आवळणारं नको. म्हणून दोन्ही पाटल्या डाव्या हातात घालते. वाजतात.

परवा तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझी झोप उडाली. मी सुरुवातीला लिहिलंय ना, हिला पंप नाही? चूक. मोठा पंप नाही, पण या नळ्यांचे दोन झडपांमधले जे तुकडे असतात ना, ते स्वतःच आकसतात. स्वतःच! बसल्या जागी मिनिटाला साताठ वेळा. बारीक बारीक हृदयांची माळ, अंगभर, आपापली चालू.

रात्री दिवा घालवल्यावर मी डावा हात छातीवर ठेवून पडले होते. नाडीसारखं काही लागतंय का बघत होते. काही लागलं नाही, लागणारही नाही. तरी मोबाइलच्या उजेडात एक मिनिट लावलं आणि अंदाजाने मोजत बसले.

‘काय मोजतेस?’ ह्यांनी कूस बदलत विचारलं.

‘सात,’ मी म्हटलं. ‘गप्प राहा, आता आठवं.’